वॉशिंग मशीन समोरच्या भिंतीला नेणे

सुरुवात

आमच्या घरात बसल्या जागेवरून रस्ता बघायची सोय एकालाच होती, आणि ते आमचं वॉशिंग मशीन होतं.

हॉलच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचा जिना दिसतो. झोपायच्या खोलीतून एक भिंत दिसते, तीसुद्धा पाठमोरी. रस्ता, त्यावरचा बसथांबा, न्हाव्याचं दुकान, किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी आणि या सगळ्यांच्या मधून कुठे कुठे निघालेलं जग दिसतं ते फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून. तिथे, भर उजेडात, मशीन ठाण मांडून होतं. त्याचा गोल काचेचा डोळा आमच्याकडे आणि पाठ रस्त्याकडे. म्हणजे ज्याला जागा होती त्याला हौस नव्हती.

हे असंच चाललं असतं, पण आईचा फोन आला.

"येते म्हणते तुमच्याकडे. राहून बघते."

'राहून बघते' हे आई अशा सुरात म्हणाली, की ज्या सुरात लोक दुकानात चप्पल पायात घालून बघतात. आई एकटी राहते. गुडघे कुरकुरतात, जिना चढताना तर भांडतातच. आम्ही कधीपासून मागे लागलो होतो आणि ती कधीपासून नाही म्हणत होती. हे तिचं पहिलं अर्धं 'हो' होतं.

"मला काही नको," ती म्हणाली. "खिडकीपाशी एक खुर्ची तेवढी लागेल. येणारीजाणारी माणसं दिसली पाहिजेत. नाहीतर मी आपली माझ्या घरी बरी."

"खिडकीपाशी खुर्चीच आहे."

"तिथे तुमचं मशीन आहे ना?"

"होतं," मी म्हणालो.

(इथे बायकोचं म्हणणं असं, की हे 'होतं' मी तिला न विचारता म्हणालो. खरं आहे. पुढे जाऊ.)


सुरुवात, पण आता खरी

मशीन हलवणं म्हणजे काय, तर मशीन हलवणं. खिडकीखालून उचलायचं आणि समोरच्या भिंतीला, सिंकच्या शेजारी ठेवायचं. मधे आमच्या स्वयंपाकघराची रुंदी, आणि ती एवढीच, की दोघं समोरासमोर आली तर एकाला फ्रिजचं दार उघडून आत सरकावं लागतं. सकाळी सुरू करून चहापर्यंत संपेल असा माझा अंदाज होता. बायको ओट्याला टेकून उभी राहिली.

"पाणी कुठून येणार, पाणी कुठे जाणार आणि वायर कुठपर्यंत पोचणार, एवढंच सांग."

"ते तपशील झाले."

"मशीनमध्ये तपशीलच असतात," ती म्हणाली. "बाकी नुसता डबा."

मी विमा कंपनीत नोकरी करतो, हे इथे सांगणं भाग आहे. लोकांच्या घरात पाणी शिरलं की ते त्यांच्याच निष्काळजीपणामुळे कसं शिरलं, हे त्यांना गोड शब्दांत पटवून देणं हे माझं काम. त्यामुळे पाइप, गळती, तुंबणं हे शब्द मी दिवसभर उच्चारतो. एखाद्या गोष्टीबद्दल दिवसभर बोललं की ती आपल्याला येते असं वाटायला लागतं. नेत्यांचं असंच होत असावं.

मी मशीनला मिठी मारली आणि ओढलं. मशीन जागचं हललं नाही, पण माझ्या पाठीतून एक आवाज आला. तो ऐकून समोरच्या दारातले पूलकाका आले.

पूलकाकांनी आयुष्यभर पूल बांधले. निवृत्त झाल्यावर ते आमच्या इमारतीत राहायला आले आणि इमारतीत नदी नसल्यामुळे त्यांचे हात रिकामे पडले. तेव्हापासून कुणाच्या घरात नुसती खुर्ची सरकली तरी ते टेप घेऊन हजर होतात. त्यांनी आमच्या लादीवर उतार बघायची लेव्हलची बाटली ठेवली, डोळा जमिनीला लावला आणि बराच वेळ तसेच पडून राहिले. बायकोने मला खूण केली, की झोपले का बघ.

"हादरा," पूलकाका जमिनीवरूनच म्हणाले. "मशीन कपडे पिळतं तेव्हा हादरा बसतो. तो हादरा कुठे जातो?"

"कुठे?"

"खाली."

खाली वहिनी राहतात. घरात बोललेलं आमच्या इमारतीत पाइपातून पसरतं, त्यामुळे पूलकाका उठून कपडे झटकेपर्यंत वहिनी दारात उभ्या होत्या.

"भाऊजी, तुमच्या खिडकीखाली आमचा फ्रिज येतो. तो स्वतःच थरथरत असतो, त्याला काही वाटत नाही. पण सिंकच्या बाजूला आमचा मासा आहे."

"मासा?"

"काचेच्या पेटीत. एकटाच आहे हो. फार मनाला लावून घेतो."

"वहिनी, मशीनखाली रबर घालू."

"मागे वरच्या मजल्यावर कपाट सरकवलं, तर त्याने खाणं सोडलं होतं. मिस्टरांना ताप आला तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते."

मी माशाची हमी दिली. बायको म्हणते की कामाला हात लावण्यापूर्वी मी दिलेली ही दुसरी हमी. पहिली आईला.


परवानगी

पाण्याची जागा बदलायची तर कमिटीची परवानगी लागते, हे वहिनींनी जाता जाता सांगितलं. आमचे सेक्रेटरी नियमाचे पक्के आहेत. त्यांच्या घराच्या बेललाही दोनदा दाबलं तर राग येतो. त्यांनी कपाटातून छापील अर्जांचे गठ्ठे काढले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मशीन हलवण्याचा अर्ज नाही आमच्याकडे."

"मग अर्जाशिवाय हलवतो."

"तसं कसं? परवानगी तर लागतेच. भिंत पाडताय का?"

"नाही."

"मग तो अर्ज बाद. भाडेकरू ठेवताय का?"

"नाही."

त्यांनी तिसरा गठ्ठा पुढे ओढला. "हे बघा साहेब. वस्तू पाणी पिते. आवाज करते. खालच्यांना त्रास होऊ शकतो. आणि जागेवर राहील याची खात्री नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग हा घ्या. पाळीव प्राण्यांचा."

मी रीतसर नोकरदार माणूस आहे. पाळीव प्राण्याचा अर्ज भरून मशीन हलवण्याची वेळ शत्रूवरही येऊ नये. पण आई येणार होती. मी भरला.

प्राण्याचा प्रकार: समोरून उघडणारा.
रंग: मूळ पांढरा.
स्वभाव: शांत. कपडे पिळताना सोडून.
चावतो का: एकदा, पायमोजा. परत मिळाला नाही.
लसीकरण: वॉरंटी संपली.
बाहेर फिरायला कोण नेणार: अर्जदार, समोरच्या भिंतीपर्यंत.

सेक्रेटरींनी प्रत्येक ओळ वाचली, शेवटच्या ओळीवर मान डोलावली आणि सही केली. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "हवं तर गळ्यात पट्टा बांधू नका. तेवढी सूट देतो."


मधलं पान, यात प्लंबर येतो आणि जातो

प्लंबरने सिंकखाली डोकं घातलं. थोड्या वेळाने विहिरीतून यावा तसा त्याचा आवाज आला.

"हे कुठल्या गाढवाने केलंय?"

"तुम्हीच," बायको म्हणाली. "सिंक बसवलं तेव्हा."

 सिंकखालचा टॉर्च विझला, परत लागला.

"तेव्हा सामानच खराब मिळायचं, ताई."

त्यानंतर तो मन लावून कामाला लागला. सिंकच्या नळाला जिथून पाणी येतं तिथे त्याने एक टी टाकली, म्हणजे एका पाइपाचे दोन फाटे केले. एक फाटा नळाला, एक मशीनला. वायर पोचत होती. मी, प्लंबर आणि पूलकाका, तिघांनी मिळून मशीन नवीन जागी नेलं. पूलकाका उलटं चालत 'डावीकडे, डावीकडे' म्हणत होते, ती त्यांची डावी होती. मशीन जागेवर बसलं. त्याखाली रबर, रबराखाली माशाच्या काळजीने आणखी एक रबर. पाणी कुठून येणार हा बायकोचा पहिला प्रश्न सुटला.

राहिला दुसरा. मशीनमधलं वापरलेलं पाणी बाहेर टाकणारा करडा पाइप मशीनच्या पाठीतून निघतो. प्लंबरने तो वर उचलला, कमरेएवढ्या उंचीवर वाकवला आणि त्याचं तोंड सिंकमध्ये सोडलं.

"वर कशाला?" पूलकाका म्हणाले. "पाण्याला उतार पाहिजे."

"असाच लावतात."

"पण का?"

"कंपनीची माणसंपण असाच लावतात."

"का लावतात?"

प्लंबरने माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे, बायकोने घड्याळाकडे. कारण कुणालाच माहीत नव्हतं. प्लंबरने पिशवीत हात घालून पाइप भिंतीला पकडून ठेवणारा क्लॅम्प शोधला. नव्हता. त्याने पाइप सुतळीने नळाला बांधला आणि म्हणाला, "क्लॅम्प घेऊन आलोच. पाच मिनिटं."

तो गेला. त्याच्या पाच मिनिटांबद्दल मी इथे काही लिहीत नाही. त्याचा उल्लेख शेवटी येईल, जसा तो स्वतः आला.

मी खिडकीपाशी आईची खुर्ची मांडली आणि तीत बसून पाहिलं. डावीकडे मान वळवली की रस्ता, बसथांबा, न्हावी, सगळं जिथल्या तिथे. पण मान सरळ केली की समोर तो करडा पाइप, हत्तीने सोंड वर केल्यासारखा, आणि त्याला सुतळीची गाठ. आईचा स्वभाव मला माहीत आहे. ती काही बोलणार नाही. फक्त त्या सुतळीकडे बघत राहील, आणि जायच्या दिवशी म्हणेल, "तुमचं सगळं छान आहे, फक्त ते सुतळीचं बघा."

मी सुतळी सोडली. पाइप मशीनमागून खाली नेला आणि त्याचं तोंड सिंकखालच्या जमिनीतल्या जाळीत खुपसलं. सोंड दिसेनाशी झाली. पूलकाकांनी टेप लावून उतार मोजला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात पाण्याचं काम," ते म्हणाले. माझ्या पाठीतून पुन्हा आवाज आला, पण या वेळी मी तो अभिमानाचा समजलो.

(बायको म्हणते, की तिने तेव्हा विचारलं होतं, 'वर लावायचं काहीतरी कारण असेल ना?' तिने विचारलं होतं. मी 'सौंदर्यदृष्टी' हा शब्द वापरला होता. पुढे जाऊ.)


आई

आई एक बॅग घेऊन आली. बॅग तिने हातातून कुणाला घेऊ दिली नाही. चहा प्यायली, घर फिरून पाहिलं, बाथरूमचा नळ उघडून बंद केला आणि येऊन खिडकीपाशी बसली. बॅग खुर्चीच्या पायाशी. बाहेर एक बस थांबून गेली. न्हाव्याने दुकानाबाहेर येऊन हात वर करून आळस दिला. आईने ते सगळं नीट पाहिलं.

"बरं आहे," ती म्हणाली.

ज्यांना माझी आई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिच्याकडे 'छान', 'चांगलं', 'ठीक' आणि 'बरं आहे' अशा उतरत्या पायऱ्या आहेत. 'बरं आहे'च्या खाली एकदम 'निघते मी' येतं.

बायको मला हॉलमध्ये घेऊन गेली. "बॅग उघडली नाही त्यांनी. टॉवेलसुद्धा आपला वापरला. मी कपाटात खण रिकामा करून ठेवलाय, तो दाखवला, तर म्हणाल्या, असू दे."

"आत्ताच तर आली आहे."

"बॅगेची चेन बघ. टोकापर्यंत ओढलेली आहे. राहायला आलेला माणूस चेन एवढी ओढत नाही."

मी परत आत गेलो. आई आता रस्त्याकडे नाही, मशीनकडे बघत होती.

"हे चालतं का?"

"म्हणजे काय."

"फार आवाज करत असेल तर मला इथे बसायला नाही जमायचं. चालवून दाखव."

हॉलमधली सोफ्याची कव्हरं काढून मी मशीनमध्ये कोंबली, पावडर टाकली, दार लावलं आणि बटण दाबलं. आतून हळूच खळखळ सुरू झाली. मोठा गोड आवाज होता, झऱ्यासारखा. आईच्या कपाळावरची आठी थोडी सैल पडली.

"आवाज चांगला आहे," ती म्हणाली. एक पायरी वर. मी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं.


पाणी

बराच वेळ गेला. दाराची बेल वाजली. सेक्रेटरी उभे होते, चष्मा कपाळावर.

"साहेब, वरच्या मजल्यांना पाणी नाही. टाकी सकाळी काठोकाठ भरली होती. कुठेतरी प्रचंड गळती आहे. तुम्ही विम्यातले, तुम्ही चला."

घरात आई बसलेली असताना, तिच्या कानावर पडेल अशा आवाजात, इमारतीचे सेक्रेटरी मला मदतीला बोलवत होते. मी बाह्या सरसावल्या. "आलोच मी, आई. जरा इमारतीचं बघून येतो."

(स्वयंपाकघरात: पाणी येतंय. पाणी जातंय.)

शोधपथकात मी, सेक्रेटरी आणि पूलकाका. मी पुढे. आम्ही गच्चीवर जाऊन टाकीत डोकावलो. तळाशी थोडं पाणी आणि एक चेंडू होता. मी टाकीवर हात ठेवून थोडा वेळ गंभीर उभा राहिलो, कारण तज्ज्ञ तसे राहतात.

"हे कुणाच्या तरी बेफिकिरीचं काम आहे," मी म्हणालो. "माझा अनुभव सांगतो. शंभरातल्या नव्याण्णव वेळा गळती घरातच असते, आणि घरातला माणूस म्हणतो, माझं सगळं ठाकठीक आहे."

"किती खरं," सेक्रेटरी म्हणाले.

(पाणी येतंय. पाणी जातंय.)

आम्ही मजल्यामागून मजला उतरलो. प्रत्येक दारात मी नळ बघायला मागितले, फ्लशच्या टाक्यांच्या कडांखाली बोट फिरवलं, नागरिकांच्या कर्तव्यावर दोन शब्द बोललो. जिन्यात माझा आवाज छान घुमतो हे मला तोवर माहीत नव्हतं. लोक आपापल्या घरातून बाहेर येऊन मागे चालू लागले. आमचं दार आलं तेव्हा मी हात हलवून म्हणालो, "हे माझंच," आणि आम्ही पुढे गेलो.

(पाणी येतंय.)

वहिनींच्या घरी संशय काचेच्या पेटीवर गेला. तिच्यात पुष्कळ पाणी होतं.

"एवढं पाणी एका माशाला?" मी विचारलं.

"भाऊजी, त्याच्याकडे बघून असं बोलू नका."

मासा वळून भिंतीकडे तोंड करून राहिला. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हमीची आठवण निघण्यापूर्वी बाहेर पडलो.

(पाणी जातंय.)

मग पूलकाकांना कल्पना सुचली. त्यांनी वहिनींकडून स्टीलचा पेला घेतला आणि सांडपाण्याच्या उभ्या पाइपाला उलटा लावून त्यावर कान ठेवला. जिन्यात पन्नासएक पायांची चुळबुळ थांबली.

"वाहतंय," ते म्हणाले. "भरपूर. वरून येतंय."

आम्ही परत वर निघालो. अर्ध्या जिन्यात पुन्हा पेला. "अजून जोरात." आणखी थोडं वर. पूलकाकांनी कान लावला, डोळे मिटले, उघडले, आणि माझ्याकडे जरा वेगळ्याच दृष्टीने पाहिलं. तोवर तो आवाज पेल्याशिवायही ऐकू येत होता. गोड होता. झऱ्यासारखा.

सगळ्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं. मीही. 


चौकशी, गुन्हेगाराच्या स्वयंपाकघरात

आई खुर्ची वळवून बसली होती. रस्त्याकडे पाठ, तोंड मशीनच्या गोल काचेकडे.

"या," ती सगळ्यांना म्हणाली. "मी केव्हाची बघतेय. पाणी येतं, थोडं खेळतं, निघून जातं. भरत काही नाही."

"आई, सांगायचंस ना."

"मला वाटलं नवीन पद्धत असेल. शिवाय तू जिन्यात भाषण करत होतास. मधे कसं बोलावणार?"

मागून कुणीतरी हसलं. मग जिन्यापर्यंत हसू पसरत गेलं.

पूलकाका मशीनमागे वाकले, खाली खुपसलेला पाइप पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे, नळीचं तोंड खाली ठेवलं की पिंपातलं पाणी आपणहून ओढलं जातं. मशीन भरणार कसं? ते बिचारं भरतंय आणि पाइप रिकामं करतोय. म्हणून वर लावतात. हे मला माहीत होतं."

"कधीपासून?" बायकोने विचारलं.

"शाळेपासून," ते दुःखाने म्हणाले.

नव्या मशीनला एव्हाना शंका आली असती, त्याने शिट्टी मारली असती. आमचं जुनं, भोळं. 'भर' म्हटलं तर ते इमारत संपेपर्यंत भरत राहिलं.

सेक्रेटरींनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. तो मी पहिल्यांदाच नाकावर पाहत होतो. "साहेब, तुमच्या अर्जात लिहिलंय, स्वभाव शांत."

"शांतच आहे की," आई म्हणाली. "एवढं करून आवाज चढवला नाही त्याने."

पण मी हे नीट ऐकत नव्हतो, कारण आई उठली होती. भरल्या स्वयंपाकघरात, अख्ख्या इमारतीसमोर तिच्या मुलाची शोभा झालेली, आणि ती खाली वाकून बॅग उचलत होती.  'बरं आहे'च्या खालच्या पायरीचा आवाज मला आधीच ऐकू यायला लागला.

"आई, हे आत्ता नीट होईल. दोन मिनिटांत. पूलकाका, पाइप वर घ्या. नाही, मीच घेतो." मी जाळीतून पाइप उपसला, वर उचलला, कमरेवर वाकवला आणि त्याचं तोंड सिंकमध्ये धरून उभा राहिलो. क्लॅम्प नव्हता, सुतळी कुणीतरी कचऱ्यात टाकली होती. (मी.) मी सोडला तर पाइप खाली, म्हणून मी सोडला नाही.

सेक्रेटरी खाली मोटर लावायला धावले. थोड्या वेळाने टाकीत पाणी चढलं, नळ खोकले, आणि मशीनमध्ये पाणी येऊ लागलं. सगळे वाकून काचेकडे बघत होते. पाणी आलं. खेळलं. आणि या वेळी गेलं नाही. हळूहळू काचेवर चढत राहिलं. सोफ्याची कव्हरं ओली होऊन एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. माझ्या नोकरीत मला कधी टाळी मिळालेली नाही.

"थांबव जरा," आई म्हणाली.

"काय झालं?"

"थांबव म्हणते ना."

बायकोने बटण दाबलं. मशीनने घेतलेलं पाणी मुकाट्याने माझ्या हातातल्या पाइपातून सिंकमध्ये सोडलं. खट् आवाज झाला, दार सुटलं. आईने बॅग मशीनवर ठेवली आणि टोकापर्यंत ओढलेली चेन उघडली. आतून एकेक कपडा बाहेर आला. सगळे घडी केलेले, धुतलेले, इस्त्री केलेले. तिने ते घडी मोडून आत टाकायला सुरुवात केली.

"आई," बायको म्हणाली, "हे तर स्वच्छच आहेत."

"प्रवासाने मळतात."

"पण सगळेच ओले झाले तर तुम्ही—" वहिनी सुरुवात करून थांबल्या. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि बायकोने वहिनींकडे.

आईने बॅगेच्या तळाशी हात फिरवला, राहिलेले दोन पायमोजे काढून तेही टाकले, आणि एक पायमोजा मशीनला दाखवून म्हणाली, "हा परत दे हं." मग तिने रिकामी बॅग चापटून बायकोच्या हातात दिली.

"ही माळ्यावर टाक. खाली ठेवली की पायात येते. आणि माझ्या घरी खिडकीतून माणसं दिसतात खरी, पण इथे ती आतच येतात. बसा सगळे. कोण चहा टाकतंय?"

बसायला जागा नव्हती, तरी लोक बसले. पूलकाका तर मशीनवरच बसले. पिळताना हादरा कमी होईल असं त्यांचं म्हणणं. कपडे पिळायला लागले तेव्हा त्यांचे गाल थरथरत होते आणि ते म्हणत होते, "ऊत्तऽऽम. ऊत्तऽऽम." वहिनी धावत खाली जाऊन माशाला बघून आल्या.

"भाऊजी, गोल गोल फिरतोय हो. एवढं खूश मी त्याला कधी बघितलं नव्हतं."

मी या सगळ्यात उभा होतो. दोन्ही हातांत पाइप, तोंड सिंककडे, पाइपातून गरम फेसाचं पाणी धडधडत जातंय. बायकोने माझा चहा मला बशीतून पाजला. बॅग माळ्यावर चढताना मी मान वळवून पाहिली. ती मागे, जुन्या पंख्याच्या पलीकडे ढकलली गेली, जिथून वस्तू सहसा परत येत नाहीत.

तेवढ्यात दारातली गर्दी बाजूला सारत प्लंबर आत आला. त्याच्या हातात क्लॅम्प होता. त्याने ओली लादी पाहिली, मशीनवर बसलेले पूलकाका पाहिले, आणि पुतळ्यासारखं पाइप धरून उभ्या असलेल्या मला पाहिलं.

"हे कुठल्या गाढवाने केलंय?" तो म्हणाला.

मी छाती पुढे काढली. पाठीतून आवाज आला.

"मी," मी म्हणालो.